पलीकडे म्हणजे कुठे

मंगळवार, ४ जानेवारी

नोंदवहीत मत लिहायचं नसतं. जन्म, लग्न, मृत्यू, तारीख, सही, झालं. एकेचाळीस वर्षं अमेरिकेच्या टोकाच्या या नदीकाठच्या गावात, सेंट ऑनोरीनच्या नगर कचेरीत, मी ओदेत हेच करत आले, आणि मनातलं जे साठत गेलं ते या वहीत उतरवलं. या महिन्यात वही पुरेल असं वाटत नाही.

सकाळी कुलूप काढायच्या आधीच मोनिक दारात उभी होती. मोनिक माझी मदतनीस, तोंडाने फटकळ आणि कामाला चोख. म्हणाली, "तुझ्या भावाविरुद्ध तक्रार आलीय. तो म्हणे इथे जन्मलाच नाही."

भाऊ म्हणजे ल्युसिएन, माझ्याहून आठ वर्षांनी धाकटा. सिनेटर आहे, आणि गेल्या वसंतापासून राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार. तक्रार ऑगस्टाला, राज्याच्या राजधानीत, निवडणूक अधिकाऱ्यांकडे गेली आहे. म्हणणं असं: ल्युसिएन सिरवा हा उमेदवार नदीपलीकडे, कॅनडात जन्मला. राज्यघटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष जन्मतःच अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. सबब त्याचं नाव मतपत्रिकेवरून काढा. अठरा तारखेला सुनावणी.

मी म्हटलं, या न्यायाने आपल्या गावातून कुणीच राष्ट्राध्यक्ष व्हायचं नाही, निम्मं गाव पलीकडच्या दवाखान्यात जन्मलंय. त्यावर मोनिक म्हणाली, "तसंही कोण होणार होतं? आणि जो होणार होता त्याने टीव्हीवर प्लोय उलटलं."

ते मात्र खरं. प्लोय म्हणजे आमचं कुट्टूच्या पिठाचं धिरडं. ते एकाच बाजूने भाजायचं असतं. परवा कॅमेऱ्यासमोर ल्युसिएनने ते ऐटीत हवेत उडवून उलटं पाडलं. गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

जुनी वही काढून बघितली. अकरा फेब्रुवारी, सिरवा, मुलगा. जन्मस्थळ: घरी. सुईण: मादाम बेर्त. अक्षर ओदिलाँ म्हाताऱ्याचं, माझ्या आधीच्या नगर लिपिकाचं, वळणदार आणि ठाम. वहीत आहे म्हणजे आहे. चार-पाच जणांना फोनवर हेच सांगितलं.

घरी आल्यावर स्वयंपाकघर रिकामं वाटलं. डिसेंबरात ल्युसिएनच्या माणसांनी आमचं जेवणाचं टेबल सभांसाठी नेलं, ते अजून आणलेलं नाही. "मी या टेबलाशेजारी जन्मलो" असं तो प्रत्येक सभेत सांगतो आणि लाकडावर हात ठेवतो. त्या टेबलावर शाईचा जांभळा डाग आहे, बशीएवढा. तो माझा पराक्रम. ल्युसिएन झाला त्याच दिवसांत मी आल्मा मावशीची दौत सांडली होती. तिने माझा डावा अंगठा धरून साबणाने खसाखसा घासला, तरी आठवडाभर जांभळाच होता. बटाटे चिरताना त्या अंगठ्यावर आडवी चीर पडली होती, तिच्यात शाई मुरली. डाग दिसला की आई हसायची. पुसला मात्र कधी नाही.

बुधवार, ५ जानेवारी

वेंटवर्थबाईंचा फोन आला. ल्युसिएनच्या वकील. शब्द असे मोजून बोलतात की आपण मध्ये श्वास घेतला तरी चूक झाल्यासारखं वाटतं.

तक्रारदाराकडे एक पत्र आहे, आल्मा मावशीचं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. जन्मभर पलीकडे राहिली, रिव्हिएर-प्लातला. आमच्या ओट्यावरून तिच्या घराचं धुराडं दिसायचं. तिची एक शाळासोबतीण नन होऊन दक्षिणेला गेली होती. तो मठ बंद झाला, कागद कुठल्याशा ग्रंथालयात गेले आणि तिथून हे पत्र निघालं. तारीख बारा फेब्रुवारी. वेंटवर्थबाईंनी टाइप केलेली नक्कल पाठवली. आमच्या फ्रेंचमधली एकच ओळ कामाची: "इरेनला काल मुलगा झाला, पलीकडे. दोघं सुखरूप."

इरेन म्हणजे आई.

मी विचारलं, समजा झाला असेल पलीकडे, तर काय बिघडलं? आमचे पापा इथलेच, पिढ्यान् पिढ्या. त्या म्हणाल्या, "वडिलांमुळे ते जन्मापासून नागरिक आहेत, त्यात वाद नाही. वाद पुढे आहे. राष्ट्राध्यक्षासाठी घटनेने जे शब्द वापरलेत, त्यांत या मातीवर जन्मलेलेच येतात की रक्ताच्या नात्याने झालेले नागरिकही येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने आजवर सांगितलेलं नाही. आपण भांडू शकतो, कदाचित जिंकूही. दोन वर्षं लागतील. निवडणूक दहा महिन्यांवर आहे."

शिवाय ल्युसिएनने उमेदवारीच्या अर्जात शपथेवर सेंट ऑनोरीन लिहिलंय. आणि सभांमधून टेबल.

जेवण गेलं नाही. त्या एका शब्दावर माझ्या भावाची राजकारणातली तीस वर्षं लटकली आहेत.

गुरुवार, ६ जानेवारी

सकाळी दात घासताना सुचलं आणि मी मोठ्याने हसले. एकटी राहणाऱ्या बाईने असं हसू नये, पण इलाज नव्हता.

तडक वेंटवर्थबाईंना फोन लावला. म्हटलं, "बाई, पलीकडे हे काही गावाचं नाव नाही. ज्याच्या पायाखाली जो काठ, त्याला समोरचा काठ म्हणजे पलीकडे. आम्ही कॅनडाला म्हणतो, ते आम्हाला म्हणतात. मावशी कुठे राहायची? कॅनडात. मग तिचं पलीकडे म्हणजे कुठलं?"

 मग त्यांनी एकच विचारलं, हे मी शपथेवर सांगेन का. मी म्हटलं, एकेचाळीस वर्षं लोकांना शपथा देते आहे, एक मी घेतली तर हात दुखणार नाही.

तासाभरात ल्युसिएनचा फोन. "अगं ओदेत, तू वकील का नाही झालीस?" मी म्हटलं, घरात एकाने खोटं बोलायचा धंदा केला ते पुरे. तो हसला, जरा उशिरा. प्रवासात असतो, दमतो.

मोनिकला सांगितलं तर तिने कचेरीतल्या सगळ्यांना कॉफी पाजली, खोकत आलेल्या पोस्टमनलासुद्धा.

सोमवार, १० जानेवारी

टेबल परत आलं. दोघं जण ते ब्लँकेटांत गुंडाळून घेऊन आले. ब्लँकेटं सोडली आणि मी ओळखलंच नाही. घासून, रंधा मारून, वर चकचकीत रोगण. कडेचे सुरीचे वार गेले, पापांनी पाइप झटकून पाडलेले खळगे गेले. आणि डाग गेला.

मी त्या पोरांना फैलावर घेतलं. पोरं म्हणाली, आम्हाला फक्त पोचवायला सांगितलं. कुणा उत्साही माणसाने हौस केली असणार. ल्युसिएनला फोन करून सांगितलं की आईने साठ वर्षं जपलेला डाग तुझ्या माणसांनी दोन तासांत उडवला.  तो म्हणाला, "कॅमेऱ्यात वाईट दिसत होता गं."

कॅमेऱ्याचं काय कौतुक. जेवताना ताट घसरत होतं.

बुधवार, १२ जानेवारी

वेंटवर्थबाई स्वतः आल्या, चार तास गाडी हाकत, बर्फातून. साक्षीची तालीम. उंच, सडपातळ, शहरी पातळ तळव्यांचे बूट. मी त्यांना पापांचे लोकरी मोजे दिले, ते त्यांनी मुकाट घातले.

मी आधी पलीकडेचा अर्थ सांगितला. त्यांनी तो तीन वेळा म्हणवून घेतला. मग विचारलं, जन्माच्या दिवसाचं मला स्वतःला काय आठवतं.

सांगितलं सगळं. मला गोवर आला होता. आरोग्यखात्याच्या माणसाने दारावर लाल अक्षरांचा कागद ठोकला होता: आत कुणी यायचं नाही, आतल्याने बाहेर जायचं नाही. आल्मा मावशी मला सांभाळायला आली होती, तिचा गोवर लहानपणीच होऊन गेलेला. आई तिच्या खोलीत होती. दार बंद. मावशीने बजावलं होतं, दार उघडायचं नाही, आईला हाक मारायची नाही, बाळाला गोवर लागेल. मी रोज सकाळी गुळाचा पाक घातलेलं प्लोय गुंडाळून दाराशी ठेवायचे. संध्याकाळी ते तसंच असायचं. आईला मळमळत असणार. पापा लाकडं आणायला गेले होते, घोडा आणि घसरगाडी घेऊन, म्हणून मला खिडकीतून घोडाही दिसत नव्हता. पाचव्या की सहाव्या दिवशी दार उघडलं आणि आई बाळाला घेऊन बाहेर आली. अंगावर कोट होता. खोली थंड असणार.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की वेंटवर्थबाईंचं पेन थांबलंय. त्यांनी ते टोपण लावून पिशवीत ठेवलं.

"ओदेत," त्या म्हणाल्या, "यातलं काहीही सांगायची गरज नाही. जेवढं विचारतील तेवढंच उत्तर. मावशी कुठे राहायची, पलीकडेचा अर्थ काय. बस."

माणसं दुसऱ्याच्या लहानपणच्या आठवणी ऐकून कंटाळतात, तसं झालं असेल. जाताना दारात उभं राहून त्यांनी नदीकडे बराच वेळ पाहिलं. बर्फावरून गाडी जाते का, असं विचारलं. म्हटलं, आता कोण नेणार, पूल आहे की. तेव्हा फेब्रुवारीत सगळेच जायचे. मोजे त्या तसेच घालून गेल्या.

गुरुवार, १३ जानेवारी

ओदिलाँ म्हाताऱ्याची एक गोष्ट आज उगाच आठवली. मी नवी असताना एका बाईने त्याला सांगितलं की तिचं बाळ पलीकडच्या दवाखान्यात झालंय. त्याने तरी वहीत "घरी" लिहिलं. मी विचारलं तर म्हणाला, बाळ ज्या घरात पहिल्यांदा दूध पिऊन झोपतं ते त्याचं जन्मस्थळ, बाकी दगदग. मी लिपिक झाले तेव्हा ही पद्धत बंद केली.

मादाम बेर्त गोवराच्या घरात आली कशी, हे मला कळत नाही. तिची स्वतःची पाच पोरं होती.

आली असेल. वहीत आहे.

शनिवार, १५ जानेवारी

आज दुपारी नदीपर्यंत चालत गेले. बर्फ गुडघाभर. समोर मावशीचं घर. आता तिथे दातांचा डॉक्टर राहतो.

मावशी गोवराच्या दिवसांत रोज संध्याकाळी घरी जात असणार. घरी जाऊन तिने पत्र लिहिलं असणार. दारावरच्या कागदाप्रमाणे बाहेर जायचं नव्हतं हे खरं, पण मावशी कागदाला घाबरणारी बाई नव्हती. असं मी नदीला सांगितलं. आणि मला माझाच राग आला.

घरी पोचते तोच ल्युसिएनचा फोन. आवाज बसलेला. मंगळवारी तोही ऑगस्टाला येणार आहे. इकडतिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "ओदेत, आई शेवटच्या दिवसांत तुझ्याशी काही बोलली होती?"

"कशाबद्दल?"

"असंच. माझ्या जन्माबद्दल वगैरे."

मी म्हटलं, तिच्या शेवटच्या आठवड्यात मी कचेरीत निवडणुकीची मतं मोजत होते आणि तू तिच्याजवळ होतास, तुलाच माहीत. तो म्हणाला, "बरं." मग पुन्हा, "बरं." आणि फोन ठेवला.

मला काहीतरी टोचतंय. काय ते लिहिता येत नाही. ज्या बाईने आयुष्यभर इतरांच्या तारखा नि ठिकाणं तपासली, तिने स्वतःचा साक्षीचा कागद तपासू नये हे बरं नाही. पण तपासायचं काय? डाग तर गेला.

हे मी का लिहिलं? डागाचा इथे काय संबंध?

मंगळवार, १८ जानेवारी, ऑगस्टा

लॉजवर आहे. दुपारचे साडेचार. बाहेर उजेड जातोय. आजच लिहायचं आहे.

सुनावणी एका साध्या खोलीत होती. निवडणूक अधिकारी बाई पन्नाशीच्या, चश्मा केसांत खोचलेला. एका बाजूला ल्युसिएन आणि वेंटवर्थबाई, दुसऱ्या बाजूला तक्रारदाराचा वकील, एक म्हातारा माणूस, जुन्या कोटातला. मागे कॅमेरे.

मी उजवा हात वर केला. वेंटवर्थबाईंनी विचारलं, मी सांगितलं. "ज्याच्या पायाखाली जो काठ," असं म्हटल्यावर खोलीत हसू पसरलं. अधिकारीबाईसुद्धा हसल्या. त्यांनी विचारलं, मग नदीच्या मधोमध होडीत असलो तर? मी म्हटलं, तेव्हा आम्ही गप्प बसून वल्हवतो. पुन्हा हशा. ल्युसिएनच्या चेहऱ्यावर रंग आला. तो मला अंगठा उंचावून दाखवत होता, शाळेत माझा पहिला नंबर आल्यावर दाखवायचा तसा. त्या क्षणी मी त्याला जिंकून दिलं होतं, आणि मला ते फार आवडलं होतं.

मग म्हातारा वकील उठला. एकच काम, म्हणाला. प्लास्टिकच्या पाकिटातून त्याने मूळ पत्र काढलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. हस्ताक्षर मावशीचंच ना, एवढं बघा.

मी आजवर नक्कलच बघितली होती. टाइप केलेली. नकलेत फक्त शब्द होते.

पत्राच्या तळाशी जांभळा डाग होता. अर्धाच, कागदाच्या कडेला येऊन तुटलेला, उरलेला अर्धा दुसऱ्या कशावर तरी पडला असावा असा. आणि डागाच्या शेजारी एक अंगठा. एवढासा, पोराचा. मधोमध आडवी पांढरी रेघ, जिथे शाई कागदाला लागली नव्हती.

मी माझा हात टेबलाखाली घेतला आणि बोटाने ती चीर चाचपली. अजून आहे ती.

"हस्ताक्षर तुमच्या मावशीचं?"

"हो."

"धन्यवाद," म्हणून तो खाली बसायला वळलासुद्धा. त्याला कागदातलं काही दिसलं नव्हतं. अधिकारीबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, आणखी काही सांगायचंय? वेंटवर्थबाई माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांची मान अगदी किंचित, नाही म्हणत हलली. मी ल्युसिएनकडे पाहिलं. तो कागदाकडे बघत होता. माझ्याकडे नाही.

माझ्या खिडकीशी माणसं शपथ घेतात तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघते. खोटं बोलणारा हात जरा आधी खाली घेतो. मी किती जणांचे असे हात ओळखलेत आणि घरी येऊन या वहीत त्यांना नावं ठेवलीत.

मी म्हटलं, "हा अंगठा माझा आहे."

नंतर काय काय बोलले ते तुकड्यांनी आठवतं. गोवर. दारावरचा कागद. मी आठ वर्षांची होते आणि त्या दिवसांत उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मग माझा अंगठा लागलेलं पत्र मावशीने कुठे लिहिलं, असं अधिकारीबाईंनी विचारलं. आमच्या स्वयंपाकघरात, मी सांगितलं, आमच्या टेबलावर. दौत मी सांडली.

"आणि तिथे बसून लिहिणाऱ्याला पलीकडे म्हणजे?"

मी रिव्हिएर-प्लात हे नाव घेतलं. तिथे तेव्हा नन चालवायच्या तो दवाखाना होता.

मग त्यांनी विचारलं, टेबलावर तो डाग अजून आहे का.

"होता," मी म्हटलं. "आता नाही." आणि हे शब्द तोंडातून बाहेर पडताना मला कळलं. ल्युसिएनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

बुधवार, १९ जानेवारी

बसने घरी आले. निकाल काल संध्याकाळीच लागला. वडिलांमुळे ल्युसिएन जन्मापासून अमेरिकेचा नागरिक आहे. तेवढ्याने तो राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो का, हे न्यायालयाने ठरवावं. पण शपथेवर चुकीचं जन्मस्थळ लिहिलेला अर्ज चालणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत खरं जन्मस्थळ लिहून, जन्मनोंद दुरुस्त करून नवा अर्ज द्यावा, नाहीतर नाव गेलं.

त्याचा फोन नाही. वेंटवर्थबाईंचा आला. त्या रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, त्यांनी गेल्या बुधवारीच, तालमीच्या दिवशी, ओळखलं होतं आणि विचारायचं टाळलं. मोजे पोस्टाने पाठवतील.

बातम्यांत दिवसभर माझं तोंड. दुकानात एक जण म्हणाला, तू खरं बोललीस. दुसरा म्हणाला, सख्ख्या बहिणीने असं करावं? मी पाव घेऊन निघाले.

आई खोलीत नव्हतीच. मी रिकाम्या खोलीच्या दाराशी प्लोय ठेवत होते. पापा घोडा घेऊन लाकडं आणायला गेले नव्हते, तिला घेऊन बर्फावरून गेले होते. माझ्या गोवरामुळे. मला गोवर आला नसता तर मादाम बेर्त आली असती, ल्युसिएन त्या टेबलाशेजारी जन्मला असता, आणि आज जे झालं ते झालं नसतं. मी दुपारी स्वयंपाकघरात बसून रडले. चकचकीत टेबलावर थेंब तसेच उभे राहत होते.

त्याचा रागही येतोय. डाग त्याने घासायला लावला. टेबल सभेतून सभेत फिरवलं, पत्राचा मूळ कागद उमेदवार म्हणून त्याला आधीच दाखवला असणार, आणि डाग घासायला लावला. मला खोटी साक्षीदार करायला निघाला होता आणि मी टाळ्या वाजवत त्याच्यापुढे धावले.

गुरुवार, २० जानेवारी

फोन नाही.

दुरुस्तीचा कोरा कागद काढून खिडकीशी ठेवलाय. ज्याची नोंद त्याला स्वतः यावं लागतं. मोनिक म्हणाली, ठेव तो खणात, येणार नाही तो. मोठी माणसं असल्या रांगांत उभी राहत नाहीत. मी म्हटलं, असू दे बाहेर.

शुक्रवार, २१ जानेवारी

जानेवारी म्हणजे कुत्र्यांच्या परवान्यांचा महिना. सकाळपासून रांग. सगळ्यांना कुत्र्याचा परवाना आजच हवा होता आणि सगळ्यांची नजर त्या कोऱ्या कागदावर. तीन वाजता मी घड्याळाकडे बघायचं सोडलं. साडेतीनला पुन्हा सुरू केलं.

चार वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. ल्युसिएन. एकटा, दाढी वाढलेली, टोपी हातात. रांगेतली माणसं बाजूला व्हायला लागली तर त्याने मान हलवली आणि शेवटच्या माणसामागे उभा राहिला. त्या माणसाजवळ दोन शिकारी कुत्री होती. त्यांतलं एक ल्युसिएनचे बूट हुंगत राहिलं. मोनिक पुटपुटली, "कुत्र्याला तरी हा ओळखीचा वाटतोय." पण तिने बाकीच्यांना तिच्या खिडकीकडे घेतलं, भरभर.

तो समोर आला. टोपी त्याने खिशात कोंबली. मग तो म्हणाला, "टेबल मी घासायला लावलं."

"ठाऊक आहे."

"आईने मला शेवटच्या आठवड्यात सांगितलं होतं. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली."

मी विचारलं, मला का नाही?

"म्हणाली, ओदेतला वाटेल तिच्या गोवरामुळे झालं. जन्मभर लावून घेईल."

मी चश्मा काढून पुसला. पुसायला दुसरं काही नव्हतं. मग म्हटलं, "ही सबब डागासाठी नको देऊस."

"नाही देत," तो म्हणाला. "तो माझाच खोटेपणा. वेंटवर्थबाई म्हणतात आता अर्ज भरून उपयोग नाही, न्यायालय ठरवेपर्यंत सगळं संपलेलं असेल. तरी भरतो. खरं लिहून हरलो तर हरलो."

चार चोवीस झाले होते. मी कागद पुढे ओढला आणि दुसऱ्या कुणालाही विचारते तसंच विचारलं. नाव. जन्मतारीख. आईचं नाव, वडिलांचं नाव. ती त्याने मोठ्याने सांगितली, मागच्या बाकापर्यंत ऐकू जातील अशी.

"जन्मस्थळ?"

"पलीकडे," तो म्हणाला.

"असं चालत नाही. कुठून पलीकडे?"

त्याने माझ्या खिडकीच्या फळीवर तळहात ठेवला, सभेत टेबलावर ठेवायचा तसा, पण त्याचा आवाज सभेतला नव्हता.

"इथून," तो म्हणाला.

मी गावाचं नाव लिहिलं. त्याने सही केली, मोनिकने साक्षीदार म्हणून सही केली, मी शिक्का मारला. चार एकेचाळीसला तो कागद आणि नवा अर्ज फॅक्सने ऑगस्टाला गेले.